वीतभर गादी

उस्मानपुऱ्यातल्या सीट कव्हरच्या दुकानात माझ्यापुढं पाचोडच्या एक बाई होत्या.

"चाचा, ड्रायव्हर सीटवर पाठीमागं ठेवायला गादी शिवायचीय. वीतभर जाड."

"इतनी मोटी? कशाला, ताई?"

"क्लचपर्यंत पाय पुरत नाय माझा."

"मग सीटच पुढं घ्या की. खाली दांडी हाय, ओढली की सरकती. गादीचं कामच नाय."

"ठावं हाय मला. सीट नाय हलवायची."

"जाम झाली का?"

"नाय. ह्यांनी लावलेली हाय ती, त्यांच्या पायाच्या हिशोबानं. ते गेल्यापासून कुणाला हात लावू दिला नाय."

"बरं, ताई. सीटलाच पक्की शिवून टाकतो. जिंदगीभर हलणार नाय."

"पक्की नको, चाचा. काढता येईल अशी द्या. कधीमधी नुसतं ह्यांच्या जागेवर बसायचं असतं मला."