बंड्याचा उचललेला पाय

मला हार्ट अटॅक आल्यावर बायकोने, आमच्या उषाने, माझी बंदूक बेसमेंटमध्ये कुलपात ठेवली आणि किल्ली आपल्या पर्समध्ये. पुढच्या फॉलमध्ये, पानगळीच्या दिवसांत, डॉक्टरने शिकारीला परवानगी दिली, तर म्हणते, "मग मीही येणार." जन्माची शाकाहारी बाई, पण थर्मास घेऊन निघाली!

आमच्या रेजिना शहराबाहेर, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात आमचा कुत्रा बंड्या एकदम थबकला. तितराचा वास आला की तो एक पाय उचलून पुतळा होतो, मी पोचेपर्यंत हलत नाही. मी घाईने निघालो आणि मला धाप लागली.

"आधी बसा!" उषा ओरडली. मी धोंड्यावर बसलो. तिने चहा पाजला, नाडी बघितली. बंड्या तसाच उभा, थरथरत.

शेवटी तीच म्हणाली, "अहो, उठा आता. बिचाऱ्याचा पाय दुखत असेल."

मी उठलो. तितर भुर्रकन उडालं, मी बार काढला आणि चुकलो. बंड्याने वळून माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

उषाने त्याला जवळ घेतलं. "असू दे रे सोन्या. पुढच्या शनिवारी मारतील हो ते."