वादळाची मुदत

बानो : भाईजान, चप्पल काढू नका. रिक्षा बाहेर उभीच हाय.

जलील : आत्ता तर जुम्म्याच्या नमाजहून आलो मी. पाणी तरी पिऊ देशील?

बानो : बसून प्या, पण लवकर प्या. पंचफुला, माठातलं दे यांना.

पंचफुला : घ्या जलीलभाई. सावकाश.

बानो : सावकाश नको म्हणू त्यांना! सावकाश करूनच आज हा दिवस आला.

जलील : कुठं निघायचंय ते तर सांगशील?

बानो : ठाऊक हाय तुम्हाला. ग्राहक मंचात. मालविकाताई वकील सगळे कागद तयार करून बसून राहिल्यात. नोटरीसमोर तुमची सही पाहिजे. ही छपाईची प्रेस दोघांची असली तरी विमा तुमच्या नावावर हाय. माझ्या सहीनं भागलं असतं तर तुम्हाला विचारलंही नसतं.

जलील : पुन्हा तेच. अगं, मंगळवारीच विमा कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. नवे साहेब शरीफ माणूस हायत. खुर्ची दिली, चहा पाजला. म्हणाले, जलीलमियाँ, तुमची फाईल वर गेलीय, पुढच्या महिन्यात होऊन जाईल.

बानो : यांच्याआधीच्या साहेबांनीही चहाच पाजला होता. त्यांच्याआधीच्यांनी लिंबू सरबत. दोघांची बदली झाली, आपली फाईल तिथंच. एकानं फोटो मागितले, ते दिले. दुसऱ्यानं तेच फोटो पुन्हा मागितले, पुन्हा काढून दिले. आता तिसऱ्याला काय देऊ? उडालेले पत्रे नेऊन ठेवू त्याच्या टेबलावर?

जलील : आवाज कमी कर. शेजारी क्लास सुरू हाय.

बानो : क्लासमधल्या पोरांनाही कळलं, तुम्हाला कळून नाही राहिलं.

पंचफुला : बानोआपा, आज येवढी घाई काऊन पन? सोमवारी जाता येत न्हाई व्हय?

बानो : ये, तू बस इथं. तुलाच सांगते. भाईजान माझं ऐकत नाहीत, पण तुला सांगताना कानावर पडेल तेवढं पडेल. आपल्याकडं वादळ आलं त्याला परवा रविवारी दोन वर्षं पुरी होतात. आठवतं ना?

पंचफुला : इसरंन कसं? म्या या इथंच पानांच्या जुळणीला बसले व्हते, बारावीच्या केमिस्ट्रीच्या नोट्सची. पयले धूळ आली, समदं लालभडक. मंग असा आवाज झाला की म्या उठून भायेरच पळाले. मला वाटलं, जिमीनच हालली.

बानो : जमीन नाही, छपराच्या कैच्याच उचलल्या होत्या वाऱ्यानं. अर्धे पत्रे क्लासच्या मैदानात, एक विजेच्या खांबाला लटकलेला. आणि वरून पाऊस. ऑफसेट मशीन उघड्यावर भिजत होतं आणि भाईजान आपल्या अंगातली शेरवानी काढून त्याच्यावर टाकत होते.

जलील : लग्नाला निघालो होतो मी. ती शेरवानी गेली ती गेलीच.

बानो : मशीनही गेलं. विमा होता, आगीचा आणि वादळाचा दोन्ही. हप्ता एकदाही चुकवला नव्हता आपण. आता कायदा असा हाय पंचफुला, कंपनी देत नसली तर ग्राहक मंचात तक्रार करता येते, पण दोन वर्षांच्या आत. तुम्ही किती चकरा मारल्या, किती पत्रं लिहिली, साहेब किती गोड बोलले, याच्यानं ती मुदत वाढत नाही. ताई म्हणतात, मोजायची तर वादळाच्या दिवसापासूनच मोजायची, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा नको. उद्या दुसरा शनिवार, मंच बंद. परवा रविवार. राहिला कोणता दिवस?

पंचफुला : आजचाच.

बानो : आजचाच! तिला एका दमात कळलं.

जलील : सोमवारी दिलं तर फासावर चढवतील?

बानो : सुट्टी आली म्हणून सोमवारी कदाचित घेतीलही. पण मग पहिला वाद त्याच्यावरच. उशीर झाला तर माफीही मिळते कधीमधी, पण कारण लिहावं लागतं. काय लिहू? साहेबांनी चहा पाजला?

जलील : तुला मस्करी सुचून राहिली. कोर्टात गेलो की फाईल बंद करतील, असं म्हणाले ते.

बानो : लिहून दिलं?

जलील : लिहून कशाला देतील?

बानो : मग म्हणाले कशाला? ताईंना विचारलं मी हे. त्या म्हणाल्या, तक्रार केली म्हणून हक्क बुडत नाही. न केल्यानं बुडतो.

जलील : शिवलिंगअप्पाही थांबलेत. डाळ मिलवाले. त्यांचं अख्खं गोदाम गेलं त्याच वादळात. एवढे मोठे व्यापारी, ते काय वेडे हायत?

बानो : अप्पांचं अप्पा बघतील. चार रुपये गेले तरी त्यांची मिल चालू राहते. आपलं दुसरं मशीन गेल्यापासून निम्म्या क्लासचं काम नांदेडला छापायला जातं. मोंढ्यापासून इथपर्यंत दर गल्लीत नवा क्लास निघून राहिला, पोरं एसटी भरभरून येतात, आणि आपण? एका जुन्या मशीनवर लग्नपत्रिका छापतोय. उठा भाईजान.

जलील : मी येणार नाही.

बानो : का?

जलील : नाही म्हणजे नाही.

बानो : दोन वर्षं मी हेच विचारून राहिले. साहेब, फाईल, कोर्ट, ही सगळी वरवरची कारणं हायत. खरं काय ते सांगा. आज तर सांगा.

जलील : पंचफुला, तू जरा आत जा बेटा.

पंचफुला : जाते.

बानो : कुठं जाऊ नको. सांगा.

जलील : ...त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दिवशी सकाळी मी ट्रक घेऊन गेलो होतो. औशाच्या पुढं. तुला माहीत हाय.

बानो : माहीत हाय. चार दिवस घरी आला नव्हता. आल्यावर बोलतही नव्हता.

जलील : काय बोलणार? दगडं उचलत होतो आम्ही. एका घरात एक म्हातारा बसलेला, पायरीवर. घर नव्हतंच, पायरी तेवढी राहिली होती. आत त्याची सगळी माणसं. मी त्याला बिस्किटाचा पुडा दिला. त्यानं तो परत माझ्याच हातात दिला. म्हणाला, तुम्ही खा, तुम्ही सकाळपासून राबून राहिले. बानो, ज्यानं ते पाहिलं त्यानं आता कोर्टात उभं राहून म्हणायचं, माझे पत्रे उडाले हो, मला भरून द्या? जान सलामत हाय. मला शरम वाटते. बस. एवढंच.

बानो : हे आधी का नाही बोललात?

जलील : बोलण्यासारखं हाय का?

पंचफुला : जलीलभाई, म्या बोलू?

जलील : बोल.

पंचफुला : म्या तिकडचीच. तुमाला ठावं हाय. माजा नवरा आन् सासू त्याच्यातच गेले. सासरा राह्यला आन् म्या. लोक येऊन सांगत व्हते, घरासाठी अर्ज द्या, अमुक तारखेपात्तर द्या. माजा सासरा म्हनला, माणसं गेली, आता भितींसाठी हात पसरू? न्हाई दिला अर्ज. म्याबी काई बोलले न्हाई. मला तवा कशाचंच भान नव्हतं. तारीख गेली. मंग समद्यांची घरं झाली आन् आमी दिराच्या पडवीत. सासरा तितंच गेला, तीन वर्सांनी. शेवटी शेवटी मला म्हनायचा, पोरी, म्या तुजं घर घालवलं.

जलील : तू कधी सांगितलं नाहीस.

पंचफुला : काय सांगावं? त्याचंबी चुकलं न्हाई. त्याचं मन तसंच झालं व्हतं. पन त्यानं घर न्हाई मागितलं म्हनून माजी सासू काई उठून आली न्हाई. आन् तुमी मशीन न्हाई घेतलं म्हनून आमच्या गावाचं काई भरून येनार न्हाई. आमच्यापायी लाजू नका भाई. म्या जुळणी करते, ती केशर करते, केवळाबाई करायची. दुसरं मशीन बंद पडलं तवा केवळाबाईला तुमी घरी धाडलं. तिचा ईमा कुनी उतरवला व्हता?

बानो : पंचफुला...

पंचफुला : न्हाई आपा, म्या वाईट न्हाई बोलून राह्यले. भाईंनी माज्यावर लई उपकार केले. म्हनूनच बोलले.

जलील : नोटरी कुठं बसतो?

बानो : कोर्टाच्या फाटकाशी. झाडाखाली.

जलील : माझा चष्मा कुठं हाय?

पंचफुला : डोक्यावर हाय, भाई.

जलील : रिक्षावाल्या अकरमला सांग, रिक्षा चालू कर. आणि बानो, जाताना शिवलिंगअप्पांच्या मिलवर दोन मिनिटं थांबू. त्यांनाही सांगतो.

बानो : येताना सांगा. आधी सही.

जलील : बरं, येताना. चल.

(पुढच्या वर्षीचा पावसाळा. तीच प्रेस. आत दोन मशीन एका वेळी चालू आहेत, म्हणून तिघं जरा मोठ्यानं बोलताहेत.)

पंचफुला : पेढे कुनाच्या नावानं खायचे? आपाच्या का भाईच्या?

जलील : तुझ्या नावानं. बस आणि खा. केवळाबाई, तुम्हीही या. छापलेले फर्मे राहू द्या थोडा वेळ.

बानो : निकालाच्या भरवशावर हे दुसरं मशीन हप्त्यानं आणलं, त्या निकालपत्राची नक्कल मिळाली आज. भिजलेल्या मशीनचं नुकसान मंचानं पूर्ण धरलं. कागदाचं थोडं कमी केलं, रीम किती भिजले त्याचा पुरावा आपल्याकडं नव्हता. ती चूक आपली. आता प्रत्येक रीमची पावती फायलीत राहते.

पंचफुला : कंपनीवाले काय म्हनले व्हते पन?

बानो : आपण तक्रार केली आणि पंधरवड्यात त्यांचा नकार आला. दोन वर्षं विचार चालू होता, मंचाची नोटीस गेली तसा लगेच संपला! म्हणे, पत्रे गंजलेले होते, पाणी पावसाचं, वादळाचं नाही.

जलील : तिथं मी उभा राहिलो. मालविकाताईंनी खुणेनं नको म्हटलं, तरी राहिलो. म्हणालो, साहेब, गंजलेला पत्रा जागेवर गळतो. तो उडून विजेच्या खांबाला जाऊन लटकत नाही. फोटो बघा. अध्यक्षांनी फोटो बघितला आणि हसले.

बानो : तुम्ही बोलला ते एकच वाक्य, पण ताईंनी आपल्या युक्तिवादात तेच घेतलं.

जलील : कोर्टात उभं राहायला शरम वाटायची मला. तिथं गेलो तर बाकड्यावर सगळी आपल्यासारखीच माणसं. कुणाचा टीव्ही, कुणाची मोटार. कुणी हात पसरून बसलेलं नव्हतं. आपलं आपण मागून राहिले होते.

पंचफुला : आन् ते डाळ मिलवाले अप्पा?

जलील : ...त्यांचं परत आलं.

पंचफुला : परत म्हंजी?

जलील : त्या शुक्रवारी सही करून येताना गेलो होतो मी त्यांच्याकडं. म्हणाले, साहेबांनी शब्द दिलाय. मीच त्यांचा शब्द ऐकून दोन वर्षं बसलो होतो, मी त्यांना काय समजावणार? दिवाळीनंतर त्यांनाही नकाराचं पत्र आलं. मग मंचात गेले. कंपनीच्या वकिलानं पहिलाच मुद्दा मुदतीचा काढला. ताईंनी पुष्कळ प्रयत्न केला, पण मंचाला कारण पटलं नाही. काल भेटले मला दर्ग्याच्या रस्त्यावर. आपला निकाल ऐकून खांद्यावर हात ठेवला माझ्या. वाईट नव्हतं वाटलं त्यांना. म्हणजे माझं झालं याचं वाईट नव्हतं वाटलं.

बानो : वरती अपील करायला सांगितलं का त्यांना?

जलील : सांगितलं. त्याचीही मुदत असते, तेही सांगितलं. सोमवारी मीच घेऊन जाणार हाय त्यांना मालविकाताईंकडं.

पंचफुला : फोन वाजून राह्यला. मशिनीच्या आवाजात आयकू येईना कुनाला.

जलील : घेतो मी. हॅलो... कोण? व्यंकट? बोल, वह्या पोचल्या का बिलोलीला?... काय?... कधी?... माणसं सगळी नीट हायत ना? मग ठीक. दुकानाचं छप्पर सगळंच गेलं?... विमा होता का? होता, बरं. एजंट काय म्हणाला?... बघू म्हणाला?... ऐक, व्यंकट. फोटो काढले का? आत्ता काढ, पत्रा जिथं पडला तिथंच काढ, हलवू नको. तलाठ्याला पंचनामा करायला सांग. कंपनीला आजच अर्ज दे आणि पोच घे. तोंडी काही बोलू नको. आणि उद्या सकाळच्या एसटीनं लातूरला ये. सगळं घेऊन ये... नाही, पुढच्या आठवड्यात नाही. उद्या. मी स्टँडवर येतो.

बानो : भाईजान, त्याला बिचाऱ्याला आधी ओलं सामान तर आवरू द्या. वादळ कालच झालं. अजून पुरी दोन वर्षं हायत त्याच्याकडं.

जलील : आपल्याकडंही होती.