पंपाच्या पंख्यावरचे खड्डे

धसईच्या थांब्यावर मुरबाडच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारी गावच्या पाणीयोजनेचा पंपवाला नथू आणि गोदीत जहाजांचे पंखे घासून गुळगुळीत करणारा रत्नदीप बोलत बसले होते. नथूच्या मांडीवर पंपातला पितळी पंखा होता.

"रेतीनंच खाल्लाय ना रे ह्यो?"

"नाय, नथूदादा. रेतीनं धातू गुळगुळीत झिजतो. इथं बोट फिरवा."

"बारीक बारीक खड्डे लागतात."

"पंखा ओतल्यावर कुणी नीट घासलाच नाय. खडबडीत जागी पाणी अडखळतं, भोवरे होतात, त्यात बुडबुडे धरतात. ते फुटताना धातूचा कण कण उडवतात."

"बुडबुडं पितळ खातात?"

"जहाजांचे पंखेपण खातात. पंपात खडे वाजल्यागत आवाज यायचा ना?"

"यायचा. म्हणून तर मी कमिटीत बोललो, कमळूकाकानं पंपात रेती जाऊ दिली."

"तेव्हा काका होते पंपावर?"

"सोळा वर्षं. माझ्या त्या बोलण्यावर त्यांना काढलं, नि मला ठेवला."

"गाडी आली, दादा. चला."

"तू जा. मी आधी काकांच्या घरी जातो. मग कमिटीत सांगायचंय, माझ्याच तोंडानं."