महाशय, आपला प्रश्न चांगला आहे

डोळे तपासायचे म्हणून थेंब घालून मला बाहेर बसवलं होतं. डोळे मिटलेले, कान मात्र उघडे. शेजारच्या बाकावर दोन बसचालक बोलत होते.

"काय रे, लेकीची वादविवाद स्पर्धा झाली?"

"झाली की! विषय होता, बस चालकाविना चालाव्यात की नाही."

"मग काय, बापाची बाजू घेऊन गाजवली असेल!"

"कसली! तिथं चिठ्ठी काढून बाजू देतात. तिला नेमकी 'चालक नकोत' अशी आली."

"म्हणजे घरच्याच पोरीनं पोटावर पाय दिला म्हणायचा!"

"अरे, काय बोलली म्हणून सांगू! शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायला सांगितलं. मी उठलोच. म्हटलं, थांब्याच्या अलीकडे एखाद्या म्हातारीनं हात केला, तर तुमचं यंत्र थांबेल का?"

"शाब्बास! गप्प झाली असेल."

"गप्प? म्हणते कशी, महाशय, आपला प्रश्न चांगला आहे."

"सख्ख्या बापाला महाशय?"

"भर सभेत! म्हणाली, यंत्र थांबणार नाही, हे मला मान्य आहे. पण लागोपाठ दोन पाळ्या करणाऱ्या चालकाचा डोळा लागू शकतो, यंत्राचा लागत नाही. असा एक चालक आमच्या घरी आहे. तो परत येईपर्यंत मला झोप लागत नाही."

"मग... तू काय बोललास?"

"पहिली टाळी माझीच."

"आणि आजची दुसरी पाळी?"

"नाही घेतली. सगळ्यांदेखत हरलोय, राव. तेही माझ्या लेकीकडून! आता ऐकायला नको?"