हात सोडलेलं विमान

(रोह्यातलं घर. पुंडलिक कॉम्प्युटरसमोर, पडद्यावर लढाऊ विमानाचा खेळ. पुतणी भूमिका पेणहून शिफ्ट संपवून नुकतीच दारात टेकलेली.)

पुंडलिक: कुणाला खरं वाटायचं नाय गो भूमिका, पण आज मी विमान हवेत सोडलं नि नाक्यावर जाऊन भजी खाऊन आलो!

भूमिका: काका, पाय तरी धुऊ दे. आणि आधी सांग, रविवारी पेणला रामवाडीच्या पोरांशी या विमानाच्या खेळाचा सामना आहे. आपल्या जोडीचं नाव देऊ ना? विमान समतोल ठेवायचा ट्रिम हातानेच लावायचा. कॉम्प्युटरवर सोपवून ऑटो लावलं की जोडी बाद.

पुंडलिक: दे की! कंपनी सुटल्यापासून रविवार तेवढा माझा उरलाय. आणि ऑटो? ते पाळण्यात निजून विमान चालवणं. वेग वाढला, नाक वर जातं. कमी झाला, खाली बसतं. दर वेळी ट्रिमचं चाक जरासं फिरवायचं, तेव्हा कुठं स्टिक हलकी होते. ते हाताला कळायला लागतं.

भूमिका: हाताचंच विचारतेय. चहा डाव्या हाताने का पितोस?

पुंडलिक: उजवा विमानात असतो, सवय! तर ऐक. चाक असं लावलं, की विमान म्हणजे देव्हाऱ्यातली समई. चपला घातल्या, निघालो. भज्यांचा घाणा निघायचा होता, थांबलो.

भूमिका: आणि शत्रू?

पुंडलिक: आला ना. दोन घिरट्या घातल्या, रिकामी खुर्ची बघितली, लाजून परत गेला बिचारा.

भूमिका: तू नाक्यावर होतास ना? मग तुला कसं कळलं?

पुंडलिक: मधे बोलू नको, घाणा करपतो. परत आलो, बसलो, जहाजावर दोन्ही बॉम्ब टाकले. एकदम!

भूमिका: दोन्ही?

पुंडलिक: दोन्ही. जहाज तळाला. आणि माझं विमान? केसभर हललं नाय. चाकाला बोट लावायला लागलं नाय.

भूमिका: बोटसुद्धा नाही?

पुंडलिक: आईशप्पथ.

भूमिका: काका, एवढं वजन सुटलं की विमान वर उसळतं. हाताने लावलेल्या ट्रिमला काय माहीत बॉम्ब गेले ते? पहिल्याच दिवशी तूच शिकवलंस मला.

पुंडलिक: ...वारा पडला होता गो.

भूमिका: चाक फिरवता येईना म्हणून ऑटो लावलंस तू. कप ठेव खाली. दाखव तो उजवा हात.