कुंपणावरचा निळ्या चौकटीचा शर्ट

मी, घरी आणि कामावर सगळे मला गप्पू म्हणतात, खरं नाव इथल्या पोलीस मॅडमनी रजिस्टरात घेतलं आहे, वय १६ वर्षे, शिक्षण आठवी, काम लाँड्रीत मळके कपडे निवडून चिठ्ठी लावणे, राहणार लाँड्रीच्या मागच्या गल्लीतलं शेवटचं घर, समक्ष हजर राहून सांगते की,

मला बोलताना अडखळायला होतं म्हणून मॅडमनी कागद दिला. मी माझ्या हाताने लिहिते आहे. लाँड्रीवाली मावशी शेजारी बसली आहे. ती एवढंच म्हणाली, "तुझं तोंड म्हणजे शिवलेला खिसा. आता लिही तरी."

वरील घरात मी आणि आई राहतो. माझा मोठा भाऊ, मी त्याला दादा म्हणते, वय २२, सात महिन्यांपूर्वी सकाळी साडेआठला घरातून गेला तो परत आला नाही. आईने इथेच तक्रार दिली. त्या तक्रारीत अंगावर निळ्या चौकटीचा शर्ट असं लिहिलं आहे. ते बरोबर नाही. तो शर्ट दादाने आदल्या दिवशी माझ्याकडे धुवायला दिला होता. म्हणाला, "गप्पू, उद्या घालायचाय, येताना आठवणीने आण." मी विसरले. सकाळी आठलाच मी कामावर गेले. आई मागे बागेत होती, तिने त्याला जाताना बघितलं नाही, आवाज ऐकला. तो शर्ट घालणार हे तिला माहीत होतं, म्हणून तिने तेच सांगितलं.

तक्रारीनंतर तिसऱ्या दिवशी शर्ट मला लाँड्रीच्या फळीवर दिसला. चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. मी कोणाला बोलले नाही. उद्या सांगू म्हटलं. मग खूप दिवस झाले. दादा काय घालून गेला ते मला आजही माहीत नाही.

आमच्या घरामागे आईची बाग आहे. वाल, मटार, गुलाब. त्यामागे झाडी. झाडीतून पहाटे हरणं येतात, तीन आहेत, एकाचा कान फाटका आहे. मटाराचे कोंब ती सगळे खातात. गुलाबाच्या कळ्यासुद्धा, काट्यांसकट. दादाने कुंपण घालायला घेतलं होतं. नऊ खड्डे पहारीने खणले, चार खांब उभे केले. तेव्हा तो मला म्हणायचा, "तू नुसती बाहेर उभी राहा गं, तुला बघून हरणं लाजतील आणि परत जातील." बाकीचे पाच खड्डे तसेच राहिले. पाऊस पडला की त्यात पाणी साचायचं. आई त्या बाजूला बघायची नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी सुट्टीच्या दिवशी उरलेले पाच खांब उभे केले. शेजारचे पोस्टमन काका रिटायर आहेत, त्यांनी जाळी दिली आणि खांब धरले. जाळी माझ्या डोक्याएवढी उंच आहे. तरी फाटक्या कानाचं आत उडी मारायचंच. काका म्हणाले, "हरणाला माणसाच्या घामाचा वास खपत नाही. मलाही काही माणसांचा खपत नाही, पण मी कुंपण कुठे घालू?" त्यांनी अंगातला बनियन जाळीवर टांगला. चार दिवस एकही हरीण आलं नाही. मग वास उडाला आणि ती परत आली. धुतलेला कपडा चालत नाही, अंगावरचाच लागतो. हे मला लाँड्रीमुळे आधीच कळायला हवं होतं.

पुढे मी माझे कपडे टांगले. आईचा एक गाऊन टांगला. तो तिने ओढून आत नेला, म्हणाली, "घराची शोभा करतेस?"

दादाचा शर्ट मी लाँड्रीतून घरी आणला होता. माझ्या गादीखाली असायचा. तो धुतलेला होता, त्याला दादाचा वास नव्हता, साबणाचा होता. तो मी कामावर ड्रेसच्या आत घालायचे. का घालायचे ते मॅडमनी विचारलं. मला सांगता येत नाही.

गेल्या सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास टांगायला मळकं दुसरं काही नव्हतं. मी अंगातला तो शर्ट काढून आठव्या खांबाला अडकवला. आई सात वाजता उठते. मी सहाला काढून घेणार होते. मंगळवारी मला जाग आली तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आई बागेत उभी होती, शर्ट तिच्या तोंडाशी होता.

ती म्हणाली, "घाम शिळा नाही. कालचा आहे. गप्पू, तो आला होता."

मी दारातून बागेत उतरले.

ती म्हणाली, "तो गेला तेव्हा हे कुंपण होतं का? आला, बघितलं, आपल्याच घराला जाळी. खूण ठेवून परत गेला पोर." मग तिने पक्कड आणली आणि आठव्या-नवव्या खांबामधली जाळी वरपासून खालपर्यंत कापली. तिच्या हाताला तार लागली. पक्कड मी धरली नाही, पण थांबवलंही नाही.

त्याच दिवशी तिने इथे येऊन कळवलं. पोलीस बुधवार आणि गुरुवार झाडीत फिरले. गुरुवारी दुपारी कुत्रा आणला. त्याला शर्टाचा वास दिला. तो जाळीतून झाडीकडे गेलाच नाही. घरात आला, माझ्यासमोर बसला. आई हसली, म्हणाली, "सख्खी भावंडं आहेत हो, वास सारखाच असणार." सात महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

तेव्हापासून आई दोन वेळा तीन ताटं वाढते. तिसरं झाकून ठेवते. हरणं आता कापलेल्या जागेतून चालत आत येतात, उडी मारावी लागत नाही. मटार संपला. आई त्यांना हाकलत नाही. म्हणते, तो आला तर दचकेल.

शर्टावरचा घाम माझा आहे. दादा आलेला नाही. तक्रारीतला शर्ट खोडावा आणि तपास नीट व्हावा म्हणून मी आपणहून आले.

कापलेली जाळी मी अजून जोडलेली नाही.

वरचं सगळं मॅडमनी मला हळू आवाजात वाचून दाखवलं, कारण बाहेर बाकावर आई बसली आहे. मी लिहिलं तसंच आहे, बरोबर आहे. आईला अजून वाचून दाखवलेलं नाही. ते मी सांगणार आहे.