टमाट्याचं यंत्र आणि माझी पडवी

...नाही, तुम्हीच सांगा, माझी दहावी, अभ्यासाची जागा म्हणजे आमची पडवी, आणि तिथंच टमाटे निवडायचं यंत्र! पण मी काय बोलणार? अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, "दोन हजार चार साल हे, आता टमाटे कॉम्प्युटर निवडील!" म्हणजे पट्ट्यावरून टमाटे पळणार, वरून कॅमेरा बघणार, लाल एका क्रेटात, हिरवे दुसऱ्यात. टमाटे अण्णांचे, पट्टा नाशिकच्या अंबडमधल्या वर्कशॉपवाल्या शेखरकाकांचा, कॅमेरा इंजिनिअरिंग कॉलेजच्या खैरनार सरांचा, आणि भांडणं तिघांची!

मला एकच आशा. शेतकरी, कारखानदार आणि कॉलेज जिथं मिळून काम करतात, तिथं सरकार संशोधन केंद्र देणार होतं. पुणे नाहीतर नाशिक! नाशिकला मिळालं की यंत्र केंद्रात, पडवी माझी!

तपासणीला मुंबईहून सरकारी मॅडम आल्या. बटण दाबलं आणि काय सांगू... हिरवागार टमाटा ऐटीत लालांच्या क्रेटात! दुसरा, तोही! झालं, तिघे पेटले. "कॅमेरा आंधळा हे!" काका म्हणाले. "पट्टा हलतोय!" सर म्हणाले. "नाहीतर टमाट्यांतच दोष असेल." "माझ्या टमाट्यांत? सर, शब्द मागं घ्या!" मॅडमनी पर्स उचलली... गेलं केंद्र पुण्याला!

आणि मला दिसत होतं हो, कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकू! त्याला सगळं जग लालच दिसणार ना? पण मी काय बोलणार? चार मोठी माणसं समोर! शेवटी उठले, ओढणीनं काच पुसली... खटाखट! लाल तिकडं, हिरवे इकडं!

"कुंकू कोणी लावलं?" मॅडमनी विचारलं. अण्णा खाली बघत म्हणाले, "नवी वस्तू, पूजा नको?" काका पुटपुटले, "सकाळी मीपण... गुपचूप." आणि खैरनार सर, विज्ञान शिकवतात बरं का, घसा खाकरून म्हणाले, "एक बोट... माझंही."

मॅडमना हसू आवरेना! "पुण्यात जो तो म्हणाला, यंत्र आमचं नाही, त्या दुसऱ्यांचं. इथं तिघांनाही ते घरचंच वाटतंय!"

मिळालं! केंद्र नाशिकला! ढोल काय, पेढे काय, काका तर सरांना खांद्यावर घेऊन नाचले!

...फक्त इमारत व्हायला दोन वर्षं लागणार. तोवर केंद्र कुठं? आमच्या पडवीत! काल मी जरा मोठ्यानं इतिहास पाठ करत होते, तर अण्णाच बोटानं दटावतात, "हळू गं पोरी! इथं संशोधन चालू हे!"

आता मी काय बोलणार?